आधी भिंत बघा: कोल्हापुरात कपाट-किचन करून घेताना वर्कशॉप, घरचा सुतार की शोरूम?

मंगळवार पेठेतल्या आमच्या जुन्या घरात एक भिंतीतलं कपाट आहे. हातभर जाड भिंत, तिच्यातच खण काढलेले, वर सागवानी दारं आणि पितळी कडी. त्याला कुणी कधी 'बिल्ट-इन फर्निचर' म्हटलं नाही. आजी त्यात लोणच्याच्या बरण्या ठेवायची, आता आम्ही वायफायचा डबा ठेवतो.

हे आठवायचं कारण म्हणजे गेल्या काही वर्षांत आम्ही दोन घरांत तीन तऱ्हांनी लाकडी काम करून घेतलं. जुन्या घरात एका छोट्या वर्कशॉपकडून, कळंब्याकडच्या फ्लॅटचं किचन शोरूममधून मॉड्युलर, आणि त्याच फ्लॅटची बेडरूम घरी येऊन काम करणाऱ्या सुताराकडून. त्यामुळे नात्यातलं कुणी घर घेतलं की फोन येतो, "कुणाला देऊ रे काम?" माझं उत्तर दरवेळी एकच: कुणाला द्यायचं ते नंतर, आधी भिंतीला ओळंबा, म्हणजे दोरीला टांगलेलं वजन, लाव.

जुन्या घरात ओळंबा सोडला तर सात फुटांत भिंत सव्वा इंच बाहेर आलेली निघाली. कोपरा गुण्यात, म्हणजे काटकोनात, नव्हता. अशा जागी मॉड्युलर कंपनीचं काम अडखळतं, कारण त्यांचे खोके कारखान्यात काटकोनात कापून येतात. खोका सरळ, भिंत वाकडी. मधल्या फटीत मग 'फिलर' नावाची पट्टी येते, आणि त्या पट्टीमागे झुरळांचा संसार. वर्कशॉपवाल्या मिस्त्रींनी उलट केलं. कपाट भिंतीपासून थोडं आखूड बांधलं, कडेला रुंद पट्टी सोडली, ती भिंतीला टेकवून पेन्सिलीने भिंतीचं वळण उतरवून घेतलं आणि तेवढं रंध्याने काढलं. पट्टी अशी बसली की पोस्टकार्ड जाणार नाही. कारखान्यातल्या मशीनला तुमची भिंत दिसत नाही, आणि या कामात सगळा खेळ भिंतीचाच असतो.

माप घ्यायला आलेला माणूस कसा मोजतो ते बघा. रुंदी खाली, मध्ये आणि वर अशी तीन ठिकाणी घेतो का? कर्ण दोन्ही बाजूंनी मोजतो का? दोन कर्ण सारखे नसतील तर जागा तिरकी आहे, बाकी काही विचारायची गरज नाही. आमच्या किचनचं माप घ्यायला आलेल्या मुलाने लेसर एकदाच फिरवला आणि चहा न घेता गेला. फ्लॅट नवा, भिंती सरळ, म्हणून निभावलं.

शोरूमची बाजूही खरी सांगतो. त्यांच्या कडा सुंदर असतात. एज बँडिंग मशीन गरम गोंदाने पट्टी एकसारखी दाबून बसवतं, ते हाताने तसं होत नाही. काही छोट्या वर्कशॉपमध्ये आता हे मशीन आणि बोर्ड सरळ कापणारा पॅनेल सॉ दोन्ही असतात, काहींकडे नसतात. जाऊन बघा. सिंकखालच्या शटरची, म्हणजे दाराची, कड हाताने चिकटवलेली असेल, तर आधी तिथूनच उलायला लागते. गंमत म्हणजे आमच्या घरच्या सुताराकडे मशीन नव्हतं, म्हणून त्याने कडेला लाकडी बिडिंग, म्हणजे बारीक पट्टी, मारून पॉलिश केलं. दिसायला जुनाट, पण तीच कड आजवर एकदाही उललेली नाही.

आता पाणी. हा विषय पुण्यात बसून सुचत नाही. माझी बहीण शुक्रवार पेठेत, नदीकडच्या अंगाला राहते. राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट, धोका पातळी 43 फूट. 2019 आणि 2021, दोन्ही वर्षी पाणी 55 फुटांच्या वर गेलं. पहिल्या पुरात तिचं किचन गेलं. पार्टिकल बोर्डाचं होतं. तो बोर्ड म्हणजे भुसा आणि गोंद. एकदा पाणी प्यायला की फुगतो, आणि वाळला तरी पहिल्यासारखा होत नाही. एमडीएफ, म्हणजे लाकडाचे बारीक तंतू दाबून केलेला बोर्ड, त्याचंही साधारण तेच. प्लाय असता तर वाळवून काही भाग वाचला असता, पण चार दिवस पाण्यात राहिल्यावर प्लायचीही खात्री कुणी देऊ नये.

प्लायवरचा शिक्का वाचायला शिका. 'एमआर' म्हणजे दमट हवा सोसणारा, पाणी सोसणारा नव्हे. 'बीडब्ल्यूआर', म्हणजे उकळतं पाणी सोसणारा, त्याहून वरचा. आयएस 303 या मानकात हे दोन्ही येतात. ज्याला बाजारात मरीन म्हणतात त्यावर आयएस 710 असतं. बेडरूमच्या कोरड्या भिंतीला मरीनची गरज नाही, तिथे उगाच पैसे घालू नका. सिंकखाली आणि बाथरूमला लागून असलेल्या भिंतीला मात्र तोच घ्या. आणि जुन्या भिंतीला ओल येत असेल तर कपाटाची पाठ तिला चिकटवू नका, बोटभर हवा खेळू द्या. आमच्या पहिल्या कपाटात हे राहिलं. श्रावण संपेपर्यंत पैठणीच्या घडीवर बुरशीचे ठिपके आले आणि घरात चार दिवस अबोला.

बहिणीचं दुसरं किचन वर्कशॉपकडूनच केलं, कारण शोरूमने सरळ नाही म्हटलं. खाली कडाप्प्याचे खण, वर ग्रॅनाइटचा ओटा, आणि लाकूड म्हणाल तर फक्त शटर. ही शटरं बिजागरीवरून काढून माडीवर नेता येतात. ड्रॉवर नाहीत, स्टीलच्या जाळ्या आहेत, त्याही उचलता येतात. ओट्याच्या बाजूला अडकवायला एक वाकडा लोखंडी ब्रॅकेट हवा होता, तो कुठल्या कॅटलॉगात नव्हता. मिस्त्रींनी उद्यमनगर या कारखान्यांच्या भागातून दोन दिवसांत बनवून आणला. कोल्हापुरात छोट्या वर्कशॉपला काम द्यायचा हा एक फायदा मी धरतो, हाकेच्या अंतरावर लेथ आणि वेल्डिंगवाला असतो.

पैशांची तुलना सगळ्यात फसवी. शोरूम पूर्ण किचनचा आकडा सांगतो, वर्कशॉप दर्शनी चौरस फुटावर, सुतार नुसत्या मजुरीवर. तिन्ही कागद शेजारी ठेवले तर काही कळत नाही. म्हणून स्वतः प्लाय मोजा. सात फूट बाय सात फूट कपाट, दोन फूट खोल. दर्शनी 49 चौरस फूट. पण बाजू, दोन मधले पार्टिशन, वर-खालच्या फळ्या, आठ-नऊ कप्पे आणि शटर मिळून 18 मिलिमीटरचा प्लाय 170 चौरस फुटांच्या आसपास जातो. एक शीट आठ बाय चार, म्हणजे 32. कापातली नासाडी धरून सहा ते सात शीट, शिवाय पाठीला पातळ प्लायच्या दोन. ड्रॉवर वेगळे. हा हिशेब हातात असला की "साहेब, दहा शीट लागल्या" म्हणणारा आणि चार शीटमध्ये बसवतो म्हणणारा, दोघेही ओळखू येतात.

घरच्या सुताराचा मोठा गुण हाच, माल तुमच्या डोळ्यांसमोर येतो आणि डोळ्यांसमोर कापला जातो. अवगुण तुम्हाला माहीत आहेतच: तीन आठवडे भुसा, कटरचा आवाज, दिवसाला चार चहा, आणि घरी एक माणूस बसून. दोघंही नोकरीला असाल तर हा पर्याय सोडा.

फळी तीन फुटांहून लांब नको, मध्ये आधार घ्या. पुस्तकं ठेवणार असाल तर त्याहून आखूड. सात फुटी शटरला चार बिजागऱ्या, तीन नाहीत. बिजागरी आणि चॅनेल (ड्रॉवर सरकतो ती पट्टी) कुठल्या कंपनीचे ते कागदावर लिहून घ्या, नुसतं 'ब्रँडेड' नको.

वेळेच्या बाबतीत शोरूमला मी पूर्ण गुण देतो. तारीख दिली, त्या तारखेला टेम्पो आला. वर्कशॉपने गणपतीआधी सांगितलेलं काम दसऱ्याला दिलं. बायकोने फोन केला की, "येतोय की वैनी, उद्या सकाळी दारात असतोय." उद्या नेमकी कोणती ते कळायचं नाही. पण दोन वर्षांनी शटर खाली घासायला लागलं, तेव्हा तोच मिस्त्री स्कूटरवर आला, स्क्रू ड्रायव्हरने दोन वळसे दिले आणि पैसे घेतले नाहीत. किचनच्या एका ड्रॉवरसाठी मात्र मी अजून टोल फ्री नंबरवरचं संगीत ऐकतोय.

म्हणून मी सांगतो ते असं. नवा फ्लॅट, सरळ भिंती, फक्त किचन हवंय आणि राहायला जायची तारीख पक्की, तर शोरूम. जुनं घर, तिरका कोपरा, जिन्याखालची जागा, कोनाड्याला दारं किंवा पुराची भीती, तर वर्कशॉप, आणि हातात दीड महिना जास्त धरून. अॅडव्हान्स एकदम देऊ नका. प्लाय आल्यावर, सांगाडा उभा राहिल्यावर आणि शटर लागल्यावर असे तीन हप्ते पाडा. भाड्याच्या घरात यातलं काहीच नको, उचलून नेता येईल असं तयार कपाट आणा.

भर पावसात पॉलिशचं काम काढू नका, दमट हवेत पांढुरकं पडतं. यंदा देवघर करायचंय. जुन्या घरातल्या कोनाड्यात बसवायचं, सागवानात. मिस्त्रींना विचारलं, कधी येऊ? म्हणाले, "पितृपक्षात या. तेव्हा नवीन ऑर्डर कोण देत नाही, माझा हात मोकळा असतो." बायको म्हणते, पितृपक्षात देवघराचं काम काढायचं नाही. मधला मार्ग निघालाय: माप आधी घ्यायचं, लाकूड आणून ठेवायचं, आणि पहिला रंधा घटस्थापनेला.