डावणी आणि भुरी: वेल एकच, कुळं दोन

निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्षबागांत या दोन्ही रोगांना सर्रास बुरशी म्हणतात. भुरी खरोखरच बुरशी आहे. तिची पेशीभित्तिका कायटिनची, म्हणजे कीटकांच्या कवचात असतं त्या द्रव्याची. पानांवर, मण्यांवर ती राखेसारखी पसरते आणि फक्त बाहेरच्या थरातल्या पेशींत शोषकं, म्हणजे अन्न ओढणारे अवयव, घुसवते.

डावणी मात्र ऊमायसीट गटातली, म्हणजे बुरशीसारख्या दिसणाऱ्या पण वेगळ्याच कुळातल्या जीवांपैकी. पेशीभित्तिकेत सेल्युलोज, आणि नातं बुरशीपेक्षा समुद्रातल्या तपकिरी शैवालाशी जवळचं! ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस लांबला की पान उलटून बघा: वरच्या तेलकट पिवळ्या डागाच्या बरोबर खाली पांढरी लव दिसते. तिथून पुढे तयार होणाऱ्या चलबीजाणूंना, म्हणजे पोहू शकणाऱ्या बीजाणूंना, दोन कशाभिका (चाबकासारख्या शेपट्या) असतात. पानावरच्या पाण्याच्या पातळ थरात पोहत ते पर्णरंध्र गाठतात. भुरीला असं पाणी लागत नाही, कोरड्या दिवसांतही ती वाढते. नाशिकच्या शाळांत वर्गीकरणाचा धडा ही दोन पानं मुलांच्या हातात देऊनच सुरू करावा, असं मला मनापासून वाटतं.

फवारणीतही हा फरक महागात पडतो. ट्रायझोल गटातली औषधं बुरशीच्या पेशीत अर्गोस्टेरॉल, म्हणजे तिच्या पेशीपटलाला लागणारं द्रव्य, बनू देत नाहीत, म्हणून भुरी आटोक्यात येते. डावणी ते स्वतः बनवतच नाही; तिच्यावर हेच औषध मारलं तर खर्च वाया जातो.