लहान मूल घेऊन डिस्ने: कॅलिफोर्निया की फ्लोरिडा?

मूल तीन-चार वर्षांचं आहे, अमेरिकेतल्या डिस्नेला न्यायचं हे पक्कं आहे, आणि घोडं अडलंय ते कुठल्या डिस्नेला यावर. एक कॅलिफोर्नियात अनाहाइमला, १९५५ मध्ये सुरू झालेलं डिस्नेलँड. दुसरं फ्लोरिडात ऑरलँडोजवळ, १९७१ चं वॉल्ट डिस्ने वर्ल्ड. लोक तुलना करताना पार्क मोजतात: फ्लोरिडात चार, कॅलिफोर्नियात दोन, म्हणजे फ्लोरिडालाच जाणं फायद्याचं. मोठ्या मुलांसाठी हा हिशोब ठीक आहे. दुपारी झोपणाऱ्या मुलासाठी मी वेगळंच मोजेन. दीड वाजता ते पेंगायला लागलं, की राइडपासून पलंगापर्यंत पोचायला किती वेळ लागतो?

या प्रश्नावर डिस्नेलँड सरळ बाजी मारतं. डिस्नेलँड आणि २००१ मध्ये उघडलेलं तिथलं दुसरं पार्क कॅलिफोर्निया ॲडव्हेंचर यांची प्रवेशद्वारं समोरासमोर आहेत. मधलं पटांगण ओलांडलं की झालं. हार्बर बुलेव्हार्ड या रस्त्याच्या पलीकडे डिस्नेची नसलेली साधी हॉटेलंही आहेत आणि त्यातल्या बऱ्याच ठिकाणांहून पायी जाता येतं. सकाळी लवकर आत शिरायचं, दुपारी खोलीवर यायचं, झोप काढायची, संध्याकाळी ताजंतवानं होऊन परत जायचं, हे तिथे खरंच जमतं. फ्लोरिडाबद्दलही सगळे हेच सांगतात, पण तिथे येण्याजाण्यातच दुपार संपते.

कारण तिथला पसारा सुमारे शंभर चौरस किलोमीटरचा आहे. मॅजिक किंगडम, एपकॉट, हॉलीवूड स्टुडिओज आणि ॲनिमल किंगडम ही चार पार्क एकमेकांपासून गाडीच्या अंतरावर. मॅजिक किंगडमला स्वतःची गाडी नेली तरी ती दारापर्यंत जात नाही. वाहनतळावर लावायची, मग तळ्यापलीकडे मोनोरेलने किंवा फेरीबोटीने. जाताना मुलांना ती बोटसुद्धा एक राइडच वाटते.

परतीची गोष्ट वेगळी. डिस्नेच्या हॉटेलात उतरला असाल तर आतषबाजी संपल्यावर बसच्या रांगेत उभं राहायचं. मूल स्ट्रोलरमध्ये गाढ झोपलेलं. रांग सरकते, बसचं दार उघडतं, आणि नियम असा की स्ट्रोलर मिटूनच आत न्यायचा. मग एकाने मुलाला खांद्यावर टाकायचं, दुसऱ्याने खालच्या जाळीतल्या बाटल्या, जॅकेट, डायपरची पिशवी उपसायची, स्ट्रोलर मिटायचा, आणि बसायला जागा नसेल तर हे सगळं सांभाळत दांडीला धरून उभं राहायचं. एवढ्यात मूल जागं होतंच.

मोनोरेलमध्ये स्ट्रोलर मिटावा लागत नाही. २०१९ पासून चालू असलेल्या स्कायलायनर या रोपवेमध्येही एका मुलाचा स्ट्रोलर बहुधा तसाच ढकलत नेता येतो. म्हणून फ्लोरिडाच ठरलं, तर हॉटेलचा स्विमिंग पूल बघण्याआधी ते मोनोरेलवर आहे, रोपवेवर आहे की नुसतं बसवर, ते बघा. मोनोरेलवरची हॉटेलं महाग. रोपवेवर त्यामानाने स्वस्त पर्याय आहेत. मात्र रोपवे जातो एपकॉट आणि हॉलीवूड स्टुडिओजला, आणि लहान मुलांचा जीव अडकलेला असतो मॅजिक किंगडममध्ये. तिथे पुन्हा बस आलीच. विजा चमकायला लागल्या की रोपवे थांबतो, तेही धरून चाला.

आता राइड. छोट्यांच्या राइड डिस्नेलँडच्या फँटसीलँडमध्ये इतक्या खेटून आहेत की एक झाली की पन्नास पावलांवर दुसरी. उडणारा डम्बो, पीटर पॅन, केसी ज्युनिअरची झुकझुक गाडी, स्टोरीबुक लँडच्या होड्या. यातल्या कशालाच उंचीची अट नाही. केसी ज्युनिअर आणि त्या होड्या फ्लोरिडात नाहीतच. ‘इट्स अ स्मॉल वर्ल्ड’ दोन्हीकडे आहे, पण १९६४ च्या न्यूयॉर्क जागतिक मेळ्यासाठी बनवलेली मूळ राइड कॅलिफोर्नियात आहे आणि तिची फेरी जास्त वेळ चालते. पाय दुखत असताना याला फार किंमत असते. मागच्या बाजूचं टूनटाउन २०२३ मध्ये नव्याने उघडलं, तेव्हा तिथे चक्क हिरवळ ठेवली आहे. रांग नको, आवाज नको, पोरांनी नुसतं लोळावं अशी जागा थीम पार्कमध्ये मिळणं दुर्मीळच.

उंचीची अट नाही म्हणजे भीती नाही, असं मात्र समजू नका. स्नो व्हाइट आणि पिनोकिओच्या राइड अंधारात चालतात आणि वळणावर अचानक कुणीतरी अंगावर येतं. ‘पायरेट्स ऑफ द कॅरिबियन’ या राइडमध्ये होडी अंधारात खाली घसरते, कॅलिफोर्नियात दोनदा, फ्लोरिडात एकदा. अंधाराला घाबरणाऱ्या मुलाला दिवसातली पहिली राइड अशी दिलीत, तर पुढे डम्बोतही बसायला तयार होणार नाही.

मोठ्यांची एक तक्रार हमखास असते: डिस्नेलँडचा किल्ला अगदीच छोटा. खरं आहे. तो जेमतेम २३ मीटर उंच आहे आणि फ्लोरिडातला ५८ मीटर. फोटोत हा फरक दिसतो. मीटरभर उंचीच्या मुलाला दोन्ही आभाळाएवढेच.

फ्लोरिडाचा खरा हुकमाचा एक्का माझ्या मते मॅजिक किंगडम नसून ॲनिमल किंगडम आहे. तिथल्या सफारीला उंचीची अट नाही, अंधार नाही, फक्त खडबडीत रस्त्याचे हादरे बसतात. उघड्या ट्रकमधून जाताना खरे जिराफ, हत्ती, गेंडे दिसतात, आणि दोन वर्षांचं मूलही बोट दाखवून ओरडतं. प्राण्यांचं वेड असलेलं मूल असेल तर या एका गोष्टीसाठी फ्लोरिडाची गैरसोय सोसायला हरकत नाही. एपकॉटमध्ये मोकळेपणा खूप आहे, पण छोट्यांच्या राइड विखुरलेल्या. हॉलीवूड स्टुडिओज पाच वर्षांखालच्या मुलांसाठी मी सरळ गाळेन: टॉय स्टोरी लँड सोडलं तर बाकी मोठ्या मुलांचा कारभार, आणि तिथल्याही स्लिंकी डॉगला ९७ सेंटिमीटर उंची लागते.

हवेबद्दल थोडक्यात. फ्लोरिडाचा उन्हाळा दमट, आणि दुपारी गडगडाटी पाऊस जवळपास ठरलेला. वीज जवळ आली की उघड्यावरच्या राइड बंद होतात. अनाहाइमला ऊन असतं, पण कोरडं, आणि संध्याकाळी स्वेटर घालावा लागतो. जून ते ऑगस्ट या काळातच सुट्टी मिळणार असेल तर माझं मत कॅलिफोर्नियाला.

पैशांचं गणित तिकिटाच्या वयोगटांपुरतं दोन्हीकडे सारखंच. तीन वर्षांखाली तिकीट नाही, तीन ते नऊ मुलांचं, दहापासून मोठ्यांचं. मुलांच्या तिकिटातली सवलत अगदी नावापुरती असते, त्यामुळे तिसऱ्या वाढदिवसाच्या आधी जाणं आणि नंतर जाणं यात चांगलाच फरक पडतो. एक दिवसाच्या तिकिटाचा दर तारखेनुसार बदलतो. फ्लोरिडात खर्च फुगतो तो दिवसांमुळे: चार पार्क आहेत म्हणून चार दिवसांची तिकिटं, तेवढ्याच रात्री हॉटेल, आणि मध्ये एक दिवस विश्रांतीचा ठेवलाच पाहिजे. अनाहाइमला तीन दिवसांत पोट भरतं. रांग टाळण्याचा पैसे भरून घ्यायचा लाइटनिंग लेन पास दोन्हीकडे आहे. फ्लोरिडात मात्र हव्या त्या वेळा मिळवायच्या तर त्या काही दिवस आधीच धरून ठेवाव्या लागतात, आणि चार वर्षांच्या मुलाचं मंगळवारी सकाळी दहाला काय चाललं असेल हे आठवडाभर आधी कुणाला सांगता येतं?

या दोघांच्या भांडणात लेगोलँड विसरू नका. कॅलिफोर्नियातलं, कार्ल्सबादचं, १९९९ पासून आहे, अनाहाइमहून गाडीने जाऊन संध्याकाळी परत येता येतं. फ्लोरिडातलं विंटर हेवनला, २०११ चं. रोख दोन ते बारा वर्षांच्या मुलांवर, त्यामुळे ‘तू अजून लहान आहेस’ हे वाक्य कमी वेळा ऐकावं लागतं. फ्लोरिडातल्या लेगोलँडशेजारी २०२२ मध्ये पेपा पिगचं वेगळं पार्क उघडलं. मूल दोन-तीन वर्षांचं आणि पेपाचं भक्त असेल तर डिस्नेचा एक दिवस कमी करून तो तिथे घालवा, असं मी बिनदिक्कत सांगेन.

तेव्हा पाच वर्षांखालचं एकच मूल, पहिलीच खेप आणि हातात तीन-चार दिवस असतील, तर डिस्नेलँड. आठ-नऊ वर्षांचं भावंड सोबत असेल आणि आठवडा मोकळा असेल, तर फ्लोरिडा. मोठ्याला तिथे खूप काही आहे आणि छोट्याला सफारी पुरते. आजी-आजोबा येणार असतील तर पुन्हा डिस्नेलँड, कारण ते दमले की पायी हॉटेलवर जाऊ शकतात, आणि बहुतेक वेळा झोपलेलं मूलही घेऊन जातात.

मोठ्यांनाही एखादी दणकेबाज राइड हवी असेल तर रायडर स्विच दोन्हीकडे आहे, त्याला वेगळे पैसे नाहीत. राइडच्या तोंडाशी असलेल्या कर्मचाऱ्याला सांगायचं. एक जण मुलापाशी थांबतो, दुसरा राइड करून येतो, मग अदलाबदल, आणि दुसऱ्याला पुन्हा ती मोठी रांग लावावी लागत नाही. मोठं भावंड बहुतेक वेळा दोघांसोबत दोनदा बसू शकतं, त्यामुळे त्याची चंगळ.

आणि निघण्याआधी उंची घरीच मोजा, जे बूट पार्कात घालणार तेच घालून, कारण तिथेही बूट घालूनच मोजतात. टूनटाउनमधल्या चिप अँड डेलच्या छोट्या रोलर कोस्टरला ८९ सेंटिमीटर लागतात, डिस्नेलँडच्या स्पेस माउंटनला १०२, फ्लोरिडातल्या स्पेस माउंटनला ११२. मूल काठावर असेल तर त्या राइडचं नाव त्याच्यासमोर काढू नका. एका सेंटिमीटरसाठीही तिथे कुणी सोडत नाही.