आउटलुक उघडतच नाही: रिपेअर, नवं प्रोफाइल की स्कॅनपीएसटी?

आयकॉनवर क्लिक केलं, आउटलुकचा छोटा चौकोन आला, त्यात 'लोडिंग प्रोफाइल' अशी ओळ दिसली आणि गाडी तिथेच अडली. अशा वेळी बरेच जण सगळं ऑफिस काढून पुन्हा टाकायला बसतात. हा सर्वांत वेळखाऊ मार्ग, आणि अनेकदा त्याने काहीच फरक पडत नाही. कारण प्रोग्राम धड असतो; बिघडलेलं असतं एखादं ॲड-इन (आउटलुकला जोडलेला छोटा पूरक प्रोग्राम), प्रोफाइल (तुमची खाती आणि सेटिंग्ज यांची नोंद) किंवा मेलची फाइल. मी इथे विंडोजवरच्या जुन्या, म्हणजे क्लासिक आउटलुकबद्दल लिहितेय.

काही करण्याआधी एवढं बघाच: तुमचे मेल राहतात कुठे? खातं एक्स्चेंज (मायक्रोसॉफ्टची ऑफिसांसाठीची मेल सेवा) किंवा आयमॅपचं (मेल सर्व्हरवरच ठेवून दाखवणारी पद्धत) असेल तर मूळ मेल सर्व्हरवर असतात आणि कॉम्प्युटरवर असते ती ओएसटी नावाची नक्कल. ती खराब झाली तर पुन्हा उतरवून घेता येते. आयमॅपवाल्यांनी मात्र सावध राहावं. त्यांचं कॅलेंडर आणि संपर्क 'धिस कॉम्प्युटर ओन्ली' या नावाखाली फक्त याच कॉम्प्युटरवर असू शकतात. पीओपीचं (मेल सर्व्हरवरून कॉम्प्युटरवर उतरवून घेणारी पद्धत) खातं असेल तर मेल पीएसटी फाइलमध्ये, बहुधा डॉक्युमेंट्समधल्या 'आउटलुक फाइल्स' फोल्डरात असतात. सर्व्हरवरून ते केव्हाच पुसले गेलेले असू शकतात. म्हणजे ती फाइल हाच तुमचा एकमेव दस्त. आधी तिची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्या, मग पुढचं.

सुरुवात सेफ मोडने, म्हणजे ॲड-इन्सशिवाय आउटलुक उघडून करावी, कारण त्याला दोन मिनिटं लागतात आणि धोका शून्य. त्याआधी टास्क मॅनेजर उघडून मागे आउटलुक अडकून पडलेलं नाही ना, ते पाहा. असेल तर 'एंड टास्क'. मग कंट्रोल दाबून ठेवून आयकॉनवर क्लिक करा आणि सेफ मोडला 'येस' म्हणा. आउटलुक उघडलं तर दोष जवळजवळ नक्कीच ॲड-इनचा. फाइल, ऑप्शन्स, ॲड-इन्स असं जाऊन खाली 'कॉम ॲड-इन्स'समोरचं 'गो' दाबा, सगळ्या खुणा काढा आणि एकेक परत चालू करत जा. ज्याच्यानंतर पुन्हा अडकेल, तोच चोर. सेफ मोडमध्येही उघडलं नाही, तर खरा निर्णय पुढे आहे.

नवं प्रोफाइल आणि ऑफिस रिपेअर यांत लोक रिपेअर निवडतात. मी आधी प्रोफाइल निवडते. कंट्रोल पॅनेलमधल्या 'मेल'मध्ये 'शो प्रोफाइल्स', मग 'ॲड'. पासवर्ड हाताशी हवा, पीओपी असेल तर सर्व्हरची नावंही. खातं जोडायला दहा मिनिटं पुरतात. मेल उतरायला मात्र मेलबॉक्स केवढा आहे त्यावर वेळ लागेल. जुनी पीएसटी नंतर 'ओपन आउटलुक डेटा फाइल'मधून जोडता येते. जुनं प्रोफाइल लगेच काढून टाकू नका, त्याच्यासोबत कॉम्प्युटरवरची ओएसटीही जाते.

रिपेअरची गोष्ट वेगळी. क्विक रिपेअर इंटरनेटशिवाय काही मिनिटांत होतं. ऑनलाइन रिपेअर म्हणजे जवळपास नव्याने ऑफिस टाकणंच: चांगलं नेट हवं, वेळ हवा, आणि तेवढा वेळ वर्ड-एक्सेलही बंद. मुख्य म्हणजे रिपेअर प्रोफाइलला किंवा पीएसटीला हात लावत नाही. म्हणून वर्ड-एक्सेलही कुरकुरत असतील किंवा एखादी प्रोग्रामची फाइल सापडत नाही असा संदेश येत असेल, तेव्हाच रिपेअर. आणि 'फोल्डरचा संच उघडता येत नाही' अशा अर्थाचा संदेश आला तर या दोन्हींआधी विंडोज आणि आर दाबून 'आउटलुक', एक स्पेस आणि '/रीसेटनॅवपेन' असं इंग्रजी अक्षरांत टाइप करा. डावीकडची तुम्ही लावलेली मांडणी जाईल, मेल जाणार नाहीत.

स्कॅनपीएसटी हे फाइल दुरुस्त करायचं हत्यार, ऑफिसच्या फोल्डरातच असतं. ओळखीच्या एका करसल्लागारांकडे हेच वापरावं लागलं. वीज गेली, यूपीएसची बॅटरी बसलेली, कॉम्प्युटर धाडकन बंद. दुसऱ्या दिवशी आउटलुक उघडेना. त्यांच्याकडचा मुलगा फाइल डिलीट करून नवी बनवायच्या बेतात होता. "ताई, नवी फाइल आपोआप बनते की!" बनते, पण रिकामी. कितीतरी वर्षांचा अशिलांचा पत्रव्यवहार त्या एका पीएसटीत होता. आधी प्रत काढली, मग स्कॅनपीएसटी चालवलं. दुरुस्तीनंतर चुका सापडेनाशा होईपर्यंत ते पुन्हा पुन्हा चालवावं लागतं. आम्ही तीनदा चालवलं. काही मेल 'लॉस्ट अँड फाउंड' फोल्डरात विषयाविना आले, पण आले. ओएसटी असती तर मी हा खटाटोप केलाच नसता; जुन्या फाइलचं नाव बदलून नवी उतरवून घेतली असती.

फाइलचा आकारही बघा. हल्लीच्या आउटलुकमध्ये पीएसटीची मूळ मर्यादा 50 जीबी आहे. त्याच्या जवळ गेलेली फाइल वर्षांप्रमाणे तोडावी.

आउटलुकच सोडायचा विचार असेल तर थंडरबर्ड फुकट आहे आणि आयमॅप खातं त्यात चटकन बसतं, पण पीएसटी थेट उघडत नाही. नव्या आउटलुकमध्ये कॉम ॲड-इन्स चालत नाहीत, त्यामुळे हिशेबाच्या किंवा कागदपत्रांच्या सॉफ्टवेअरचं ॲड-इन रोज लागत असेल तर आधी त्याची सोय बघा. आज संध्याकाळपर्यंत उत्तर पाठवायचंच असेल तर ब्राउझरमधून वेबमेल उघडून ते पाठवून टाका आणि दुरुस्तीला उद्या सकाळी, निवांत बसा.