नेरळ-माथेरान गाडी आणि तिच्या टोकाचे गाव

नेरळहून माथेरानला जाण्याचे दोन मार्ग आहेत. सामायिक टॅक्सीने घाट चढून थोड्याच वेळात, मोटारी जिथे थांबतात त्या गावाबाहेरच्या दस्तुरी नाक्यावर पोहोचता येते, किंवा दोन फुटी रुळांवरून धावणारी छोटी गाडी पकडून तेच चढण सुमारे २१ किलोमीटरच्या रेल्वेमार्गाने दोन-अडीच तासांत पार करता येते. ज्यांना वेळ वाचवायचा आहे त्यांनी खुशाल टॅक्सी घ्यावी. परंतु हे गाव असे का आहे हे जाणून घ्यायचे असेल, तर निदान चढताना तरी गाडीच घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट १८५० मध्ये या डोंगरावर आले आणि पुढे मुंबईच्या गोऱ्या अधिकाऱ्यांनी व धनिकांनी येथे बंगले बांधले. ठाकर, धनगर, कातकरी यांना मात्र हा डोंगर त्याआधीपासूनच ठाऊक होता. रेल्वे आली ती बरीच नंतर, आणि तीही सरकारी पैशातून नव्हे. मुंबईचे उद्योजक सर आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबाने सुमारे १६ लाख रुपये खर्चून, त्यांचे पुत्र अब्दुल हुसेन यांच्या देखरेखीखाली १९०४ ते १९०७ या काळात हा मार्ग उभारला, आणि २२ मार्च १९०७ रोजी तो खुला झाला.

मार्गाची खरी करामत त्याच्या वळणांत आहे. चढ काही ठिकाणी वीस फुटांमागे एक फूट इतका तीव्र असून संपूर्ण वाटेवर बोगदा एकच आहे. बाकी सारी उंची डोंगराच्या अंगाखांद्यावरून वळसे घेत गाठलेली आहे. एवढ्या अरुंद वळणांवर वाफेचे इंजिन अडकू नये म्हणून त्याच्या टोकाच्या आसांना बाजूला सरकता येईल अशी रचना केलेली होती. आता डिझेल इंजिने आहेत, तरी गती तशीच संथ आहे. जुम्मापट्टी आणि वॉटरपाइप ही स्थानके येईपर्यंत खालचे नेरळ कधी उजवीकडे तर कधी डावीकडे दिसत राहते. अशा गाडीला ‘टॉय ट्रेन’ म्हणणे मला तरी अन्यायाचे वाटते.

सेवेची उणीव म्हणजे तिची बेभरवशाची प्रकृती. २००५ च्या अतिवृष्टीत मार्ग वाहून गेला आणि गाडी २००७ मध्ये परतली. २०१६ मध्ये डबे घसरल्याने ती थांबली. २०१९ च्या पावसाने झालेली हानी भरून पूर्ण मार्ग सुरू व्हायला ऑक्टोबर २०२२ उजाडले. पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज हा भाग बंदच असतो, केवळ दस्तुरी नाक्याजवळच्या अमन लॉज स्थानकापासून माथेरानपर्यंतची छोटी फेरी चालते. जागाही थोड्या असतात, त्यामुळे सुट्टीच्या दिवशी उशिरा पोहोचणाऱ्याने गाडीची आशा धरू नये.

गावात मोटारींना बंदी आहे आणि २००३ पासून हा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून घोषित आहे. त्यामुळे लाल मातीच्या रस्त्यांवर सावली आणि शांतता आजही मिळते. परंतु तिची किंमत ओझी वाहणारी घोडी आणि माणसे मोजतात. माणसाने ओढायच्या रिक्षा बंद करण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये दिला, तो उशिराच म्हणावा लागेल. ई-रिक्षांनी वृद्धांची मोठी सोय झाली आहे.

पॉइंट पुष्कळ आहेत, सर्व पाहण्याचा हट्ट धरू नये. सूर्योदयाला पॅनोरमा, दुपारी शार्लोट तलाव आणि प्रबळगड न्याहाळण्यासाठी लुईझा पॉइंट एवढे पुरेसे आहेत. १९४२ च्या ‘चले जाव’ चळवळीच्या काळात मुंबईच्या कारखान्यांकडे जाणाऱ्या विजेच्या तारांचे मनोरे पाडणारे आणि २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर हुतात्मा झालेले भाई कोतवाल याच गावात जन्मले, हे मात्र पॉइंट दाखवणाऱ्यांच्या यादीत क्वचितच येते. घोड्यावर बसण्यापूर्वी दर ठरवून घ्यावा, पायांत चांगले बूट असावेत आणि सामान स्वतःला उचलता येईल एवढेच न्यावे.