सी भाषेत फाईल वाचताना: एफस्कॅनएफ की एफगेट्स?

खानापूर किंवा निपाणीकडच्या एखाद्या दूध संकलन केंद्राची नोंदवही सी प्रोग्रामने वाचायची असेल, तर सभासद क्रमांक, लिटर आणि पत्ता असलेल्या ओळी एफस्कॅनएफने (ठरलेल्या साच्यानुसार एकेक रकाना वाचणारे फंक्शन) वाचाव्यात की एफगेट्सने (पूर्ण ओळ एकदम वाचणारे फंक्शन), हे आधी ठरवावे लागते. मात्र त्याही आधी फाईल खरोखर उघडली आहे का, याची खात्री करून घ्यावी, कारण वाचनाची म्हणून सांगितलेली अडचण पुष्कळदा उघडण्याचीच असते.

फाईल उघडणाऱ्या एफओपन फंक्शनने नल (म्हणजे 'काहीच नाही') परत केल्यावर 'फाईल उघडली नाही' एवढेच छापले तर फक्त अपयश कळते, तर पीएरर हे फंक्शन वापरल्यास त्याचे कारणही कळते. लिनक्सवर एररनो (त्रुटीचा क्रमांक) २ असेल तर दिलेल्या पाथवर फाईलच सापडलेली नाही आणि १३ असेल तर परवानगी नाही. फाईल डोळ्यांसमोर असूनही २ येत असेल, तर प्रोग्राम कोणत्या फोल्डरमधून चालतो आहे ते तपासावे. विंडोजवर आणखी एक चूक सहज होते. इंग्रजी अक्षरांतल्या 'निपाणी' या फाईलनावाआधी एकच बॅकस्लॅश दिला, तर तो आणि पुढचा 'एन' मिळून नव्या ओळीची खूण होते आणि नावातले पहिले अक्षरच गळून पडते. तेथे दोन बॅकस्लॅश किंवा एक साधा स्लॅश द्यावा.

आता मूळ निवडीकडे येऊ. ओळीत केवळ आकडे असतील आणि त्यांचा क्रम कधीच मोडत नसेल, तर एफस्कॅनएफ सुटसुटीत आहे. परंतु पत्त्यात 'खानापूर रोड' आले की शब्द वाचणारी परसेंट-एस ही खूण 'खानापूर'पाशी थांबते, उरलेला 'रोड' पुढच्या सभासदाचा क्रमांक म्हणून वाचला जाऊ लागतो, आकडा वाचणाऱ्या परसेंट-डीला तो पटत नाही, आणि लूपची अट केवळ ईओएफ (फाईल संपल्याची खूण) न येण्याची असेल तर प्रोग्राम त्याच जागी अखंड फिरत राहतो. क्रमांक देवनागरी अंकांत लिहिले असतील तरी हेच घडते, कारण परसेंट-डी ते अंक ओळखत नाही. म्हणून एफस्कॅनएफकडून परत आलेली वाचलेल्या रकान्यांची संख्या अपेक्षित रकान्यांइतकी आहे का, हे दरवेळी पाहिलेच पाहिजे.

एफगेट्सने पूर्ण ओळ घेऊन मग एसस्कॅनएफने तिचे रकाने वेगळे करणे थोडे लांबचे वाटते, पण बिघडलेली ओळ हातात राहते, जशीच्या तशी छापून पाहता येते आणि पुढची ओळ सुरक्षित राहते. नावे मराठीत किंवा कन्नडमध्ये असतील तर मी नि:संकोचपणे हाच मार्ग सुचवतो. यात दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. लूपच्या अटीत एफईओएफ (फाईल संपली का ते सांगणारे फंक्शन) न घालता एफगेट्सचे उत्तरच तपासावे, नाहीतर शेवटची ओळ दोनदा मोजली जाऊन त्या सभासदाचे दूध दुप्पट दिसते. दुसरी गोष्ट बफरच्या, म्हणजे वाचलेली ओळ साठवण्याच्या जागेच्या, आकाराची. यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते, त्यामुळे काना-मात्रा धरून 'बेळगाव' १८ बाइटचे होते आणि नव्या ओळीची खूण व शेवटचा शून्य बाइट मिळून २० लागतात. बफर १६चा ठेवला तर एका वेळी 'बेळगा' येते आणि 'व' पुढची ओळ म्हणून हाती येतो.