आयरिश पूर्वजांचा शोध : पैसे भरून घेतलेलं ॲप, फुकटची दप्तरं आणि कडेनं कापलेले फोटो

परवा कार्डावरून पुढच्या अख्ख्या वर्षाचे पैसे परस्पर वळते झाले, म्हणून हा अनुभव आत्ताच लिहून टाकते. वंशावळ शोधण्याचं हे सबस्क्रिप्शन मी नवऱ्याच्या घराण्यासाठी घेतलं होतं. सासूबाईंचं माहेर आयरिश. त्यांची पणजी मॅसॅच्युसेट्समध्ये लोवेलच्या कापडगिरणीत कामाला लागली, यापलीकडे घरात कुणाला काही ठाऊक नव्हतं. रिन्यूअलची आगाऊ सूचना आली नाही. कस्टमर केअरनं रिफंडऐवजी पुढच्या खरेदीवर सवलत देऊ केली. मला सवलत नको, पैसे परत हवेत, आणि ते मिळेपर्यंत मी मेल पाठवत राहणार आहे.

सुरुवातीला मी खूश होते, हेही सांगायला हवं. अमेरिकेतली बाजू झपाट्यानं उलगडली. 1900 च्या जनगणनेत जन्माचा महिना, देशात आल्याचं साल, किती मुलं झाली आणि किती जगली, सगळं एका ओळीत सापडलं. मॅसॅच्युसेट्सच्या मृत्यूनोंदीत मयताच्या आईबापांची नावंही असतात, ती मिळाली तेव्हा सासूबाईंनी हात जोडले. त्या दिवशी कुणी विचारलं असतं तर डोळे झाकून घ्या म्हटलं असतं. आता नाही म्हणणार. यातलं बरंचसं फॅमिलीसर्च नावाच्या साइटवर नुसतं खातं उघडून फुकट बघता येतं.

पण माझा खरा राग फोटोंवरून आहे. मोबाईलनं जुना फोटो स्कॅन केला की हे ॲप त्याच्या कडा आपोआप कापतं, चेहरा मधोमध आणतं आणि वर रंग भरून देतं. मागची बाजू विचारतच नाही. क्रॉप बंद करायची सोयही नाही. एकोणिसाव्या शतकातला स्टुडिओचा फोटो जाड पुठ्ठ्यावर डकवलेला असतो आणि निम्मी माहिती त्या पुठ्ठ्यावरच असते. घरातल्या जुन्या फोटोंच्या डब्यातल्या एका छोट्या फोटोत काळ्या झग्यातली तरुण बाई खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी आहे. ॲपवर तिचे गाल गुलाबी झाले, झगा निळा झाला. मूळ फोटो उलटा केला तर मागे लोवेलच्या स्टुडिओचं नाव-पत्ता, पेन्सिलीनं पणजीचं नाव आणि खाली एक महसुली तिकीट, त्यावर शाईची तिरकी रेघ. अमेरिकेत यादवी युद्धाच्या खर्चासाठी फोटोंवर कर होता, 1 सप्टेंबर 1864 ते 1 ऑगस्ट 1866. म्हणजे ही बाई तेव्हा लोवेलमध्ये होती. जनगणनेत मात्र ती आल्याचं साल 1868 लिहिलंय! ॲपनं ते 1868 तिच्या पानावर ठामपणे छापलं आणि ते खोडून काढणारा पुरावा स्कॅनमध्ये घेतलाच नाही.

दुसरा फोटो त्याहून मोलाचा. मोठ्या पुठ्ठ्यावरचं म्हातारं जोडपं, आणि खालच्या पट्टीवर स्टुडिओचं नाव आणि गाव : एनिस. ती पट्टी ॲपनं छाटली होती. एनिस म्हणजे क्लेअर परगणा. अमेरिकेतल्या एकूण एक कागदावर जन्मस्थळ नुसतं ‘आयर्लंड’ आहे. आपल्याकडे आडनावातल्या ‘कर’वरून निदान गावाचा अंदाज येतो. इथे अख्खा देश धुंडाळायची वेळ आली होती, आणि परगणा मात्र घरातल्या डब्यातच होता.

आयर्लंडच्या बाजूला या सबस्क्रिप्शनचा मला जवळपास शून्य उपयोग झाला. 1922 मध्ये डब्लिनच्या फोर कोर्ट्समधला दप्तरखाना जळाला. 1821 ते 1851 च्या जनगणनांचे बहुतेक कागद त्यात गेले. 1861 आणि 1871 चे सरकारनंच आधी नष्ट केले होते, 1881 आणि 1891 चे पहिल्या महायुद्धात रद्दीत गेले. जे उरलंय त्यातलं महत्त्वाचं फुकट आहे. कॅथलिक चर्चच्या वह्या त्या त्या पॅरिशमध्येच, म्हणजे गावोगावच्या चर्चकडेच, राहिल्यानं वाचल्या, आणि 2015 पासून राष्ट्रीय ग्रंथालयाच्या साइटवर पानं उलटून बघता येतात. 1901 आणि 1911 ची जनगणना राष्ट्रीय अभिलेखागारानं खुली केली आहे. क्लेअरच्या काउंटी ग्रंथालयाची साइट तर इतकी मायेनं केलेली आहे, की पैसे द्यायचेच तर त्यांना द्यावेत.

क्लेअरमधल्या किलरशच्या वहीत पणजीचा बाप्तिस्मा सापडला. शाई पुसट, नावं लॅटिन वळणाची, पण आईबाप मृत्यूनोंदीतलेच. ग्रिफिथच्या मूल्यांकनात, म्हणजे कर ठरवण्यासाठी 1847 ते 1864 मध्ये केलेल्या जमीन-घरांच्या यादीत, त्या भागात हे कुटुंब नाही. किलरशच्या आसपास 1840 च्या दशकातल्या मोठ्या दुष्काळाच्या वर्षांत हजारो माणसांना घराबाहेर काढून घरं पाडली होती, त्यामुळे नाव नसणं मला फार लागलं.

पणजीचा आयर्लंडमध्ये मागे राहिलेला भाऊ मात्र सापडला. 1901 मध्ये वय 58, 1911 मध्ये 71. सासूबाईंना वाटलं माणूस वेगळा. पण बायको तीच, घर तेच. 1908 च्या कायद्यानं सत्तरीनंतर पेन्शन सुरू झालं, आणि आयर्लंडभर असंख्य म्हाताऱ्यांची वयं या दोन जनगणनांमध्ये अशीच उडी मारतात. वय सिद्ध करायला लोक 1841 आणि 1851 च्या जनगणनेत आपलं कुटुंब शोधून मागत. मूळ कागद जळाले, पण त्या शोधाच्या चिठ्ठ्या शिल्लक आहेत. आता त्याची चिठ्ठी शोधतेय.

घ्यायचंच असेल तर महिन्यापुरतं घ्या आणि पहिल्याच दिवशी ऑटो-रिन्यू बंद करा. त्याआधी गावातल्या ग्रंथालयात विचारा, अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी अशा साइट तिथे बसून फुकट वापरता येतात. फोटो साध्या फ्लॅटबेड स्कॅनरवर, पुठ्ठ्याच्या चारी कडांसकट, पुढून आणि मागून. क्रॉपबद्दल मी कंपनीला दोन्ही फोटो जोडून लिहिलं, ‘सूचना नोंदवली’ एवढंच उत्तर आलं. सासूबाईंच्या बहिणीकडे आणखी एक डबा निघालाय, त्यातलं काहीही या ॲपवर चढणार नाही.