झेडरॅम, झेडस्वॅप की साधा स्वॅप: ८ जीबीवाल्याने काय निवडावं

ऐरोलीच्या मित्राचा परवा मेसेज आला. लॅपटॉप ८ जीबीचा, वर उबुंटू, ब्राउझर, एडिटर आणि डॉकर एकत्र लावले की माऊससुद्धा हलत नाही, तर "स्वॅप बंदच करून टाकू का रे, सगळी लफडी त्याचीच आहेत". मी ठाण्याला ट्रान्सहार्बरच्या प्लॅटफॉर्मवर होतो, गाडी लागलेली, त्यामुळे "नको" एवढंच टाकलं. आता नीट लिहितो. स्वॅप म्हणजे रॅम पुरेना झाली की तिच्यातला माल ठेवायची जागा, साधारणपणे डिस्कवर.

आधी कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, करतं काय ते बघू. मेमरी म्हणजे ४ केबीची पेजेस. मोकळी पेजेस किती उरलीत यावर वॉटरमार्क असतात, आपल्या मोरबे धरणाच्या पातळीसारखे. लो वॉटरमार्कखाली गेलं की केस्वॅपडी नावाचा थ्रेड उठतो आणि हाय वॉटरमार्क येईपर्यंत मागच्या मागे जागा मोकळी करतो, आपल्याला पत्ताही लागत नाही. पण मागणी त्याला झेपेना आणि साठा पार मिन वॉटरमार्कपर्यंत आला की जो प्रोग्राम मेमरी मागतोय त्यालाच म्हणतात, आधी तूच जागा कर मग घे. हा डायरेक्ट रिक्लेम, आणि माऊस अडकतो तो बरेचदा इथेच.

काढायचं कुठलं पेज? दोन जाती आहेत. फाइलमधून वाचलेलं आणि न बदललेलं पेज म्हणजे मराठी ग्रंथ संग्रहालयातून आणलेलं पुस्तक, परत दिलं तरी चालतं, लागलं तर पुन्हा आणू. दुसरं अ‍ॅनॉनिमस, प्रोग्रामने स्वतः भरलेलं, म्हणजे आपल्या हातची वही. दुसरी प्रत जगात नाही, टाकून देता येत नाही, कुठेतरी ठेवावीच लागते, आणि ते ठेवायचं ठिकाण म्हणजे स्वॅप.

म्हणून स्वॅप बंद केला की काय होतं बघा. वह्या जागच्या हलत नाहीत, मग कर्नल नुसती पुस्तकंच परत करत सुटतं, आणि त्यात चालू प्रोग्रामचा स्वतःचा कोडसुद्धा येतो कारण तोही फाइलमधूनच आलेला, म्हणजे एक ओळ वाचली, पुस्तक परत, पुढच्या ओळीसाठी पुन्हा चक्कर. स्वॅप नसताना डिस्कचा दिवा ढणढण पेटलेला दिसतो तो यामुळे. ओओएम किलरही (मेमरी संपली की एखादा प्रोग्राम मारणारा) लवकर येत नाही, कारण कर्नलला वाटतं काहीतरी तरी मोकळं होतंय ना. मला विचाराल तर चारही पर्यायांत हा सगळ्यात वाईट. स्वॅपीनेस (पुस्तकांच्या तुलनेत वह्या किती हलवायच्या याचा आकडा) ६० वरून १० करायचा सल्ला सगळीकडे मिळतो, त्यातही हाच रोग सौम्य स्वरूपात येतो.

साध्या स्वॅपबद्दल फार बोलण्यासारखं नाही. एसएसडीवर चालून जातं, जुन्या हार्ड डिस्कवर रडवतं. हायबरनेट (रॅममधलं सगळं डिस्कवर लिहून लॅपटॉप बंद करणं) करायचं असेल तर मात्र हा हवाच, झेडरॅमवर ते होत नाही.

खरी लढत पुढच्या दोघांत. झेडरॅम म्हणजे रॅममध्येच एक खोटी डिस्क, तिच्यात पेज दाबून ठेवायचं, रजई व्हॅक्यूम बॅगेत भरतात तसं. सर्वसाधारण डेटा दोन-तीन पट दबतो आणि उलगडायला डिस्कपर्यंत जावं लागत नाही. फेडोराने २०२० साली ३३ व्या आवृत्तीत हेच डीफॉल्ट केलं. गोम अशी की एकदा आत गेलेलं पेज, कोणी हात लावला नाही तरी, तिथेच पडून राहतं, आणि आधीच दाबलेला माल असेल, फोटो व्हिडिओ वगैरे, तर तो जवळपास होता तेवढीच जागा खातो.

झेडस्वॅप वेगळं. तेही रॅममध्ये दाबूनच ठेवतं, पण मागे खरा स्वॅप लागतो, आणि हा दाबलेला साठा, म्हणजे पूल, भरला (डीफॉल्ट मर्यादा रॅमच्या २० टक्के) की त्यातली सगळ्यात जुनी पेजेस डिस्कवर ढकलतं. म्हणजे हातातलं जवळ, धूळ खाणारं माळ्यावर. आता काही लोक हुशारी करून झेडरॅमला वरची प्रायॉरिटी देतात आणि खाली डिस्कचा स्वॅप जोडतात, वाटतं दोन्हींचा फायदा, होतं उलटं: आधी गेलेली थंड, म्हणजे बराच वेळ न वापरलेली, पेजेस झेडरॅम अडवून बसतात आणि नंतरची, जी आत्ता लागणार आहेत, ती जातात डिस्कवर. हा घोळ मी स्वतः सहा महिने चालवलाय.

तर एसएसडी आहे आणि दिवसभर वीस टॅब नुसते उघडे पडलेले असतात, तर झेडस्वॅप. मित्राला तेच सांगितलं, उबुंटूत ते कर्नलमध्ये असतंच, फक्त बूटच्या वेळी चालू करायला सांगावं लागतं. डिस्क हळू आहे, किंवा एसडी कार्डवर चालणारा छोटा बोर्ड आहे, तर झेडरॅम, आणि मग स्वॅपीनेस बिनधास्त १०० च्या वर न्या. २०२० च्या ५.८ कर्नलपासून मर्यादा २०० आहे आणि ती अशाच वापरासाठी वाढवलीय.

शिवाय कर्नल ६.१ किंवा पुढचं असेल तर मल्टी-जेन एलआरयू (कुठलं पेज आधी काढायचं ते ठरवायची नवी पद्धत) चालू आहे का बघा. गूगलच्या यू झाओने लिहिलेलं, डिसेंबर २०२२ मध्ये आलं. पूर्वी अ‍ॅक्टिव्ह आणि इनअ‍ॅक्टिव्ह अशा दोनच याद्या, आता पिढ्या असतात, त्यामुळे कुठलं पेज खरंच थंड आहे याचा अंदाज बरा येतो. त्यातच एक मिनिमम टीटीएल सेटिंग आहे, १००० मिलिसेकंद ठेवलं तर गेल्या सेकंदात वापरलेल्या पेजेसना कर्नल हात लावत नाही, अगदीच भागलं नाही तर एखादा प्रोग्राम मारतं. माझ्या मते गोठून बसण्यापेक्षा एक टॅब मेलेला परवडला.

आणि हे सगळं करूनही व्हीएमस्टॅट या कमांडमध्ये एसआय आणि एसओ (स्वॅपमधून परत येणारा आणि स्वॅपमध्ये जाणारा माल) हे दोन्ही कॉलम सतत हलत असतील, तर थंड असं काही उरलेलंच नाही, सगळंच एकाच वेळी लागतंय. तिथे दाबादाबी करून उपयोग नाही, मागचा पत्रा उघडून रॅमचा दुसरा स्लॉट रिकामा आहे का ते बघा. काही पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डालाच सोल्डर केलेली असते, तेव्हा दुकानात जायच्या आधी बघा.